हुंकारापुरती जागा

भाईंच्या वहीत आमच्या वाड्यावरच्या सगळ्या आवाजांची नोंद होती. सकाळी सहा चाळीस: पोदेर, पाव घेऊन, सायकलचा भोंगा चार वेळा. सात पाच: मासळीवाली, स्कूटरचा हॉर्न आणि त्याच्यावर तिचा स्वतःचा आवाज. सात पंचवीस: शाळेची बस. आठ दहा: शेजारचा कुकर, शिट्या तीन, रविवारी पाच. मधूनमधून विमानं, कारण विमानतळ झाल्यापासून ती आमच्या माडांवरूनच उतरतात. प्रत्येक आवाजाला त्यांनी शंभरापैकी आकडा दिला होता. विमानाला सत्तर, कुकरला पंचावन्न. सगळ्यांत मोठा आकडा, ब्याण्णव, शेवटच्या ओळीत होता आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'बायको, कुजबुजताना.'

ही वही म्हणजे त्यांच्या पॉडकास्टची तयारी होती. "एक माणूस, एक आवाज, शांतपणे केलेला विचार. दुसरां कोण नाय," अशी त्यांनी मला त्याची व्याख्या सांगितली होती. तो पॉडकास्ट अजून आहे. कधी ऐकलात आणि मध्येच आवाज बंद पडला असं वाटलं तर मोबाईल झटकू नका, थोडं थांबा. भाई बोलतात पुढं.

मला हे सगळं नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. कॉलेजात हजेरीच्या वेळी माझा 'हजर' पुढच्या बाकापर्यंतही पोचत नसे, आणि तिसऱ्या बाकावर बसूनही महिन्यातून चारपाच दिवस मी गैरहजर लागायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचे, आई काजूच्या बागेत कामाला जायची. मूळचे आम्ही सिंधुदुर्गातले, पार्से गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. चारचौघांत बोलायची वेळ आली की मला वाटायचं, आपला एखादा शब्द चुकेल आणि सगळ्यांना कळेल. काय कळेल, ते मलाही माहीत नव्हतं. तेव्हा लिहिताना माझं काही पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

भाई आयुष्यभर विजेचे मीटर वाचत पेडणे तालुका फिरले, आणि उरलेल्या वेळात लिहीत राहिले. कथा, थोडे लेख, एक कादंबरी. एकूण सहा पुस्तकं. ती गावात कुणी वाचली असतील असं मला वाटत नाही, पण भाई लेखक आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. एखाद्याला मधुमेह आहे हे जसं माहीत असतं तसं. लग्नकार्यात लोक त्यांना विचारायचे, "आता कसां आसा? लिवतास अजून?"

निवृत्त झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात बॅटरी असायची. कुठल्याही घरात शिरताना ते आधी मीटरकडे बघायचे, मग माणसांकडे. "चाक फिरता मगे? म्हणजे सगळी बरी आसत," असं म्हणून मगच चप्पल काढायचे. नव्या मीटरांत चाक नसतं, नुसता एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्यावर त्यांचा राग होता. "हो मेलो डोळो मारता," ते म्हणायचे. स्कूटर चालवतानासुद्धा त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि घरांच्या ओसऱ्यांवर जास्त असायची. मागं बसलेल्या माणसाला वाटायचं, स्कूटर बिघडली आहे. ती बिघडलेली नसायची. ते प्रत्येक घरापाशी जरा हळू व्हायचे.

माझी आणि त्यांची ओळख मीटरमुळेच झाली. मी बारावीला होते आणि त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या खोलीचं रीडिंग लिहून घेताना ते आईला म्हणाले, "वयनी, तीन म्हयने युनिटां वाडतत. घरात कोण वाचूक लागलां?"

आई घाबरली. तिला वाटलं, काहीतरी गुन्हा झाला. "चेडू बारावीक आसा," ती म्हणाली, "तेका सांगतंय लाईट लवकर बंद करूक."

"खबरदार सांगशात तर!" भाई एवढ्या जोरानं ओरडले की मी आतून बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मीटरकडे पाहिलं, दोन्हींचा मेळ बसल्यासारखी मान हलवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं एक पुस्तक आमच्या दारात होतं. मी वाचते आहे हे आकड्यांवरून ओळखणारा माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता.

पुढं बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मार्चमध्ये एकदा त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. "बाय, तुझ्या मोबायलान आवाज धरूक येता?"

"येतो."

"आनी तो सगळ्यांक आयकूक घालूक येता?"

"येईल. शिकते."

"तर मग मी आता एकटोच बोलतलंय."

काकी, म्हणजे त्यांची बायको, अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. "एकट्यान बोलूक मोबायल कित्याक व्हयो?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्सां मी हंय आसंय आनी तुमी एकटेच बोलतास."

"तां वेगळां."

"वेगळां कसां? तेवाय कोण आयकी नाय, आताय कोण आयकचां नाय."

भाईंनी मला ओसरीवर नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. कारण होतं त्यांची आक्का.

आक्का त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, हळर्णला दिलेली. आई लवकर गेल्यामुळे भाईंना तिनंच वाढवलं. लहानपणी ती अंगणात काजूच्या बिया भाजायला बसायची, भाई शेजारी बसून गोष्टी रचून सांगायचे, आणि ती दर वाक्याला 'हूं' म्हणायची. हात बियांच्या तेलानं काळे, डोळ्यांत धूर, पण 'हूं' चुकायचा नाही. तो चुकला तर भाई पुढं सांगायचेच नाहीत. तिनं भाईंना शाळेत धाडलं. स्वतः गेली नाही. भाईंची सहाही पुस्तकं तिच्या देवघरात आहेत आणि त्यांना रोज हळदकुंकू लागतं. पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तर आता दिसतही नाही. पण त्यांत लिहिलंय काय, हे तिला ठाऊक नाही.

"तुम्ही वाचून का दाखवत नाही?" मी विचारलं.

"गेलंलंय एकदा वाचूक." भाईंनी कपाळाला हात लावला. "पयलां वाक्य संपूच्या आदी म्हणाली, बारीक झालंस. दुसऱ्या वाक्याक म्हणाली, शर्टाचो बुतांव तुटलो हा, काड, लावन दितंय. तिसऱ्या वाक्याक मी बनियनार बसलंलंय आनी ती सुई सोदी होती."

मला हसू आवरेना. तेही हसले, पण लगेच थांबले.

"मी समोर आसलंय काय तिका भाव दिसता. गजाल आयकूक येना. माका कसो आवाज व्हयो, मी नसलेलो. समजलां?"

समजलं होतं. भाऊ समोर असला की त्याची गजाल, म्हणजे गोष्ट, मागंच राहायची. आणि वेळही फार नव्हता. आक्कांचा डावा कान गेलाच होता. उजवाही मंद होत चालला होता, आणि यंत्र लावून फारसं साधणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पुस्तक नको, भाषण नको, पॉडकास्ट. जगानं ऐकला तर ऐकू दे. ऐकणारी मुळात एकच होती.

तयारीला लागल्यावर भाईंचा उत्साह बघण्यासारखा होता. मोबाईल मेजावर ठेवला तर मेजाची कुरकुर आत येते, म्हणून त्यांनी माळ्यावरून जुनं शिंकं काढलं, वाशाला टांगलं आणि त्यात नारळाच्या करवंटीत माझा मोबाईल ठेवला. "हवेत आसल्यार जमनीचो आवाज येना," ते म्हणाले. मांजराला वाटलं, शिंक्यात दूध आहे. पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला भाईंचं "नमस्कार" आहे, मग मांजराची उडी, मग माझी किंचाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. भाई डोळे मिटून अगदी खोल आवाजात म्हणाले, "एकांत म्हणजे माणसानं स्वतःच्या..." तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "भाई, बांगडे ताजे!"

"कितके मोठे?" भाईंनी डोळे न उघडता विचारलं.

मी कपाळावर हात मारला. "भाई, रेकॉर्डिंग!"

"अगो पण ती हाक मारता. रस्त्यारसून कोणी हाक मारली आनी घरातल्यान ओ दिली नाय, असां खंय चलता?"

हे त्यांना कितीही सांगून पटलं नाही. आमच्या भागात हाकेला ओ न देणं म्हणजे घरात काहीतरी बरंवाईट झालं आहे, असंच लोक समजतात. एकदा त्यांनी जिवाच्या करारानं ओ दिली नाही, तर हाक मारणारा म्हातारा काळजीनं थेट आत आला आणि एकांतावरच्या चिंतनात चहा पिऊन गेला.

म्हणून ती वही. आठ दिवस नोंदी केल्यावर भाईंना सापडलं की दुपारी दोन ते दोन पस्तीस ह्या वेळात वाड्यावर काहीही वाजत नाही. सगळा गाव जेवून आडवा झालेला असतो. त्या ओळीत त्यांनी 'काही नाही' असं लिहून खाली तीन रेघा ओढल्या होत्या. काकींना दारात पहाऱ्याला बसवायचं ठरलं. काकींनी ते काम इतकं मनावर घेतलं की पाखरू आलं तरी त्या "शूऽऽऽ!" करायच्या, आणि तो 'शू' पाखरापेक्षा मोठा असायचा. दहा मिनिटांनी 'शू' थांबायचा आणि काकींचं घोरणं सुरू व्हायचं. शेवटी मी त्यांना हळूच आत नेऊन कुशीवर झोपवलं. कुशीवर त्या घोरत नाहीत, हा शोध माझा. भाईंनी तो वहीत नोंदवून पुढं माझं नाव लिहिलं. माझं नाव छापून आल्यासारखा आनंद झाला मला.

आता सगळं जमलं, असं वाटलं. शांतता होती, मोबाईल हवेत होता, मांजर कोंडलेलं होतं. भाई म्हणाले, "दार बंद असलेल्या घरांसमोर मी पुष्कळ बसलो आहे." आणि थांबले.

मला वाटलं, पुढचं वाक्य आठवताहेत. ते माझ्याकडे बघत राहिले. मग एक भुवई उचलली. मग दोन्ही उचलल्या.

"काय?" मी विचारलं, आणि ते रेकॉर्डिंग वाया गेलं.

"हूं म्हण गो!"

"मी? भाई, हे एकट्याचं आहे ना?"

"एकट्याचांच. पण तू हूं म्हटलंस नाय तर एकटो पुढे कसो जातलो?"

जाऊच शकत नव्हता. मी त्यांना खोलीत एकटं ठेवून पाहिलं. ते पहिलं वाक्य म्हणायचे आणि बाहेर येऊन विचारायचे, "बरां झालां मा?" समोर काकींचा फोटो ठेवून पाहिला. "ही फोटोतय मध्येच बोलतली असां दिसता," म्हणाले. शेवटी तोड निघाली ती अशी: मी समोर बसायचं, ते थांबले की ओठ मिटून मोठ्यानं मान हलवायची, इतकी की 'हूं' डोळ्यांना ऐकू यायला हवा. एका वाक्याला एक मान. भाई समाधानानं पुढं जायचे. त्या दुपारी पस्तीस मिनिटांत मी किती वेळा मान हलवली असेल कोण जाणे, दोन दिवस मानेला शेक घेत होते.

पण भाग पुरा झाला. एकतीस मिनिटांचा.

आता माझी चूक सांगायला हवी. मी तो भाग ऐकला आणि मला लाज वाटली. भाईंची नाही, माझी. एकतीस मिनिटांतली दहाबारा मिनिटं नुसती शांतता होती. मी मोबाईलवर शिकत होते, तिथं सगळेच सांगत होते की बोलणं थांबलं की ऐकणारा निघून जातो. माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी जगासमोर जाणार होतं, ते अडाण्यासारखं दिसू नये असं मला वाटलं. एक अख्खी सकाळ बसून मी प्रत्येक थांबा कापला. वाक्याला वाक्य असं चिकटवलं की मध्ये केसही जाऊ नये. एकोणीस मिनिटं झाली. इतकं सफाईदार झालं की मी स्वतःच तीनदा ऐकलं. भाईंना कापल्याचं सांगितलं नाही. सांगायला धीर झाला नाही.

त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "मी इतको सरसर बोलतंय?" नव्या कपड्यांतला स्वतःचा फोटो बघावा तसे ते मोबाईलकडे बघत होते.

काकींनी मात्र अर्धं मिनिट ऐकून विचारलं, "खंयच्या गाडयेक पावूक धांवतास?"

प्रकाशन शुक्रवारी झालं. भाईंना उद्घाटन हवंच होतं. मोबाईलसमोर पाट, पाटावर फुलं, नारळ. बटण दाबायचा मान काकींचा. काकी नारळाचा रस काढून आल्या होत्या, त्यामुळे बोट ओलं, आणि मोबाईल काही ते बोट मानेना. त्यांनी दाबलं, रगडलं, शेवटी ठोसा मारला. "हेकाय माझां आयकूक नाका," म्हणाल्या. पदराला बोट पुसून पुन्हा लावलं, तेव्हा भाग जगासमोर गेला. संध्याकाळपर्यंत सात जणांनी ऐकला होता. त्यांतले चार भाई होते, वेगवेगळ्या शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून.

रविवारी आम्ही हळर्णला गेलो. भाईंच्या स्कूटरवरून, प्रत्येक मीटरपाशी हळू होत. भाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सगळे बुतांव दोनदा तपासले होते.

आक्का ओसरीवर बसल्या होत्या. लहानशा, पाठीत वाकलेल्या, डोळे मात्र लखलखीत. त्यांनी भाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बारीक झालंस."

भाईंनी माझ्याकडे 'बघितलंस?' असं पाहिलं, आणि "मी गोठ्यातलो मीटर बघून येतंय," म्हणून पळालेच. गोठ्यात मीटर कधीच नव्हता.

मी आक्कांना आत खिडकीशी नेऊन बसवलं आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांना मोठ्यानं समजावलं, ह्यात भाई बोलणार आहेत, तुम्ही ऐका. त्यांनी मोबाईल उजव्या कानाशी धरला, पदर सारखा केला, आणि एकदम ताठ बसल्या. मी सुरू केलं.

पहिलं वाक्य झालं. आक्कांचे ओठ मिटले, 'हूं'साठी छाती भरली, आणि तेवढ्यात दुसरं वाक्य सुरू झालं. त्यांनी तो गिळला. दुसऱ्या वाक्याला पुन्हा तेच. तिसऱ्याला त्यांनी घाई केली, तर भाई चौथ्यावर गेले होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, भरधाव गाडीला हात करून थकलेल्या माणसासारखा. मिनिटभरानं त्यांनी मोबाईल कानावरून काढून माझ्या हातात दिला.

"कोण गो हो?"

"भाई, आक्का. तुमचे भाऊ."

"माझो भाव न्हय."

"आवाज त्यांचाच आहे, आक्का..."

"आवाज तेचो आसात. पण माझो भाव थांबता. हो माका बोलूकच दिना."

मला काय झालं ते लिहिता येणार नाही. एवढंच आठवतं की गोठ्याच्या बाजूला भाईंची बॅटरी उगाचच चालू बंद होत होती, भर दिवसा, आणि माझ्या मनात एकच होतं: मूळ रेकॉर्डिंग मी पुसलं आहे. माझा मोबाईल साधा, कायम भरलेला. आदल्याच दिवशी जागा नाही म्हणून ती एकतीस मिनिटं मी माझ्या हातानं काढून टाकली होती. एका कानाचा माणूस, एकच दुपार, आणि मी भाईंना त्यांच्याच आवाजातून कापून टाकलं होतं.

पुसलेल्या गोष्टी काही दिवस मोबाईलच्या कचऱ्यात राहतात, हे मला आठवलं. दोनदा चुकीचं उघडलं. आईच्या रेशनकार्डाचा फोटो आला, मग शिंक्यातल्या मांजराचा.

"रडतंस कित्याक चेडवा?" आक्का म्हणाल्या. "जेवलंस मा?"

सापडलं. एकतीस मिनिटं, पुरी. मी डोळे पुसले आणि मोबाईल पुन्हा त्यांच्या कानाशी नेला. आवाज इतका मोठा केला की मलाही ऐकू येत होतं.

"दार बंद असलेल्या घरांसमोर मी पुष्कळ बसलो आहे." भाई थांबले.

"हूं," आक्का म्हणाल्या.

"मीटर आत असायचा आणि माणसं शेतात गेलेली असायची."

"हूं."

तो 'हूं' त्या थांब्यात असा बसत होता की मी श्वास रोखून धरला. ना आधी, ना नंतर. मी मान हलवली होती तेवढीच जागा, आणि ती जागा मुळात माझ्या मानेची नव्हतीच.

"कान दाराला लावला, की रिकामं घरही आत काहीतरी बोलत असतं."

"हूं. उंदीर," आक्का म्हणाल्या.

मी फिस्सकन हसले. खिडकीला इकडे जनेल म्हणतात, त्या जनेलाच्या बाहेरही कुणीतरी हसलं. गोठ्यातला मीटर बघून झाला होता वाटतं.

"हळर्णला एक घर आहे. त्या घराचं रीडिंग मी पुष्कळ वर्षं घेतलं."

"हूं!"

"पण तिथं मीटर बघायच्या आधी समोर पेज यायची, आणि पेज संपेपर्यंत मी सरकारी माणूस नसायचो."

इथं आक्का 'हूं' म्हणाल्या नाहीत. भाईंचा थांबा लांबला. मला भीती वाटली, कान गेला की काय. मग त्या मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "लोणच्याचां सांग."

"पेजेबरोबर आंब्याचं लोणचं असायचं," मोबाईलमधून भाई म्हणाले.

"हूं!" आक्कांनी माझ्या गुडघ्यावर अशी थाप मारली की मी उडाले. "बघ! सांगलां मा? ह्यो माझो भाव!"

पुढची वीसेक मिनिटं आम्ही दोघी नुसत्या नाचायच्या बाकी होतो. त्या 'हूं' म्हणत, टाळी देत, भाईंना दुरुस्त करत, "काळी गाय न्हय रे, तांबडी," असं मोबाईलला दटावत होत्या. मीही कधी टाळ्या द्यायला लागले, कळलं नाही. शेवटी भाईंचा आवाज म्हणाला, "तिनं मला कधी विचारलं नाही, तू काय लिहितोस. मीही कधी सांगितलं नाही. पण मी जे काही लिहिलं, ते तिच्या 'हूं'नंतरचं वाक्य होतं. आज इथं थांबतो."

आक्कांनी दोन्ही हातांनी मोबाईल धरला होता. मग पुढं काय, अशा सुरात त्या म्हणाल्या, "मगीर?"

मोबाईल गप्प. भाग संपला होता.

"मगीर रे?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

जनेलाच्या बाहेर कुणीतरी घसा साफ केला. मी भाईंना आत बोलवायला उठले, तर आक्कांनी माझा हात घट्ट धरला आणि खाली बसवलं.

"भायर रवांदे तेका," त्या हळूच म्हणाल्या. डोळे जनेलाकडे अजिबात वळले नव्हते. "भितर इलो काय मी जेवलंस काय म्हणान इचारतलंय, आनी गजाल थंयच मोडतली."

बाहेरून आवाज आला, "मगीर आक्का, एक दीस असां झालां, मी पेज जेवन निघालंय..."

आणि भाई थांबले.

आक्कांनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली, मग दोन्ही. आम्ही दोघींनी एकदम म्हटलं, "हूं!" माझा इतका मोठा निघाला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.